बाळाशी बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्ह्या बाळांचे आईबाबा, आजीआजोबा आणि त्यांना सांभाळणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, नंतर अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. बाळबोली म्हणजे नेमकं काय? बाळ दिसलं की सगळेच वेगळं बोलायला लागतात, तीच का?

हो, तीच. पण तिच्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्या नाहीत तर पुढचं सगळं बोलणं गोंधळाचं होतं.

पहिली गोष्ट सुराची. आवाज वर जातो, चढउतार वाढतात, वाक्यं आखूड होतात, मधे थांबे येतात, तेच तेच पुन्हा येतं. "कोण आलं? बाबा आले! बघ, बाबा आले." यातला प्रत्येक शब्द शुद्ध आहे, चाल तेवढी वेगळी. दुसरी गोष्ट खास बाळशब्दांची: भूभू, चिऊ, काऊ, मंमं, भुर्र, बाऊ. तिसरी म्हणजे मुद्दाम केलेले बोबडे उच्चार: "काय कलतोय माझा छोन्या?" घराघरांत यावरून वाद होतात तेव्हा बहुतेक वेळा एक जण पहिल्या गोष्टीची बाजू घेत असतो आणि दुसरा तिसरीला नावं ठेवत असतो. पुढे सूर, बाळशब्द आणि बोबडे उच्चार हे शब्द याच अर्थाने आले आहेत.

2. बाळ दोन महिन्यांचं आहे. त्याला काहीच कळत नाही, मग बोलून काय उपयोग?

शब्दांचा अर्थ कळत नाही, बाकी बरंच कळतं. ऐकणं जन्माआधीच सुरू झालेलं असतं. पोटात आईचा आवाज पोचतो तेव्हा व्यंजनं पुसट होतात, चाल मात्र शाबूत राहते. 1980 मध्ये डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याचा ठेका एका प्रकारचा असेल तर आईचा आवाज लागे, दुसऱ्या प्रकारचा असेल तर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल असा ठेका धरला. 2009 मध्ये नवजात बाळांचं रडणं तपासलं गेलं, तेव्हा फ्रेंच घरांतल्या बाळांचं रडणं चढत जाणारं आणि जर्मन घरांतल्या बाळांचं उतरत जाणारं आढळलं. त्या दोन भाषांची चालही तशीच आहे.

मराठी माणसाला जवळचा वाटेल असा एक प्रयोग 1984 चा, वर्कर आणि टीस यांचा. हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ऐकू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो येईनासा झाला होता, कारण त्यांच्या भोवतीच्या बोलण्यात त्या फरकाचं कामच नव्हतं. म्हणजे पहिल्या वर्षात, तोंडातून एक शब्द निघायच्या आत, बाळाचा कान घरच्या भाषेला जुळत असतो. काही नेहमीच्या शब्दांचे अर्थही सहा ते नऊ महिन्यांत उमजू लागतात, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं: नाव घेतलं की बाळं त्या वस्तूच्या चित्राकडे जास्त वेळ बघत होती.

3. बाळांना असं बोलणं खरंच आवडतं, की ही आपलीच हौस?

खरंच आवडतं. 1985 मध्ये ॲन फर्नाल्ड यांनी चार महिन्यांच्या बाळांना मान वळवून आवाज निवडू दिला. बाळांचा कल बाळबोलीकडे होता. 1990 मध्ये अवघ्या दोन दिवसांच्या बाळांतही तो दिसला. पुढे 67 प्रयोगशाळांनी मिळून एकाच पद्धतीने 2,329 बाळांवर हा प्रयोग केला आणि 2020 मध्ये निष्कर्ष छापले. आवड पक्की निघाली. बाळ जरा मोठं असेल आणि बोलणं त्याच्या घरच्या भाषेत असेल, तर आणखी ठळक.

4. आवडतं हे ठीक. पण सुराने भाषा शिकायला मदत कशी होते?

परक्या भाषेतला रेडिओ ऐकून बघा. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. लिहिताना आपण मधे जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. 'बाळालाभूकलागलीका' असं एकसलग बाळाच्या कानावर पडतं आणि त्यातून शब्द सोडवून काढायचं काम त्याला करायचं असतं. बाळं हे काम करतात. 1996 मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं, विनाथांबा, बनावट शब्दांची साखळी ऐकवली. कोणत्या अक्षरामागे कोणतं अक्षर येतं, या हिशोबावर त्यांनी शब्द ओळखले. 2005 मध्ये याच धर्तीच्या प्रयोगात बनावट वाक्यं काही बाळांना बाळबोलीच्या सुरात आणि काहींना मोठ्यांच्या सपाट सुरात ऐकवली. सुरात ऐकणाऱ्यांना शब्द वेगळे करता आले, दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळात आले नाहीत.

सूर म्हणजे बाळासाठी बोट धरून दाखवणं आहे. "चेंडू! चेंडू कुठे गेला? हा बघ, चेंडू." इथे शब्द एकदा एकटा आला, एकदा वाक्याच्या सुरुवातीला, एकदा शेवटी, आणि प्रत्येक वेळी आवाज त्याच्यावरच चढला. एकटा येणारा शब्द विशेष कामाचा असतो. 2001 मध्ये आयांचं बोलणं मोजलं, तेव्हा दहातलं सुमारे एक उच्चारण एकाच शब्दाचं होतं, आणि जे शब्द असे सुटे ऐकू आले ते बाळं पुढे लवकर बोलली.

बाळबोलीत स्वर जास्त स्वच्छ उच्चारले जातात, असंही तुम्ही वाचलं असेल. 1997 मध्ये अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आयांच्या बोलण्यात 'आ', 'ई', 'ऊ' एकमेकांपासून जास्त लांब गेलेले आढळले. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात पाळीव प्राण्यांशी होणारं बोलणं तपासलं, तर तिथेही आवाज चढलेला आणि लाडिक होता, पण स्वर ताणलेले नव्हते. जणू कोण शिकणार आहे आणि कोण नाही, हे माणसाच्या जिभेला ठाऊक असतं. मला हा निष्कर्ष फार आवडतो. तरी सांगायला हवं की 2015 मध्ये जपानी आयांचं बोलणं बारकाईने मोजल्यावर उच्चार एकूण अधिक स्वच्छ असल्याचं दिसलं नाही. म्हणून मी भर देते तो लक्ष वेधण्यावर आणि शब्द सुटा करण्यावर. तो पाया भक्कम आहे.

5. 'भूभू' म्हणावं की 'कुत्रा'?

दोन्ही. "भूभू आला! केवढा मोठा कुत्रा!" एवढं केलं की झालं.

बाळशब्द घडतात कसे ते बघा. ओठांनी सहज होणारे वर्ण, एकच अक्षर दोनदा, शेवटी स्वर. बाळाचं तोंड सगळ्यात आधी नेमकं हेच करू शकतं. 1964 मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली शेजारी ठेवून पाहिली, त्यात मराठी होती, आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीचं स्वतंत्र वर्णन छापलं. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांत हीच घडण पुन्हा पुन्हा दिसते. 2018 मध्ये इंग्रजी घरांतल्या 47 बाळांचा नऊ ते एकवीस महिन्यांपर्यंत माग घेतला, तेव्हा दुहेरी अक्षरांचे आणि लाडिक शेवटाचे शब्द ज्यांनी प्रमाणाने जास्त ऐकले, त्यांचा शब्दसाठा जास्त वेगाने वाढला. 'भूभू' ही पायरी आहे. मूल ती स्वतः ओलांडतं.

6. आम्ही बोबडं बोललो तर बाळ कायमचं बोबडं बोलेल का?

नाही. मूल एकाच माणसाचं ऐकत नाही. घरातली माणसं आपापसांत बोलतात, तेही त्याच्या कानावर असतं. शिवाय मुलाचा कान त्याच्या जिभेच्या पुढे असतो. 1960 मध्ये बर्को आणि ब्राउन यांनी एका इंग्रजी मुलाची गोष्ट नोंदवली. तो माशाला 'फिश' न म्हणता 'फिस' म्हणे. मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की तो मान्य करेना, 'फिश' म्हटलं की लगेच हो म्हणे. "रवी"ला "लवी" म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही "लवी" म्हणून बघा, बरीच मुलं चिडतात.

पण बोबड्या उच्चारांचा काही फायदाही नाही. माझा सल्ला असा: सूर ठेवा, बाळशब्द ठेवा, उच्चार शुद्ध ठेवा. लाडात कधी "छोन्या" तोंडातून गेलं तर अपराधी वाटून घेऊ नका.

7. दिवसाला किती शब्द बोलायला हवेत? तीन कोटी शब्दांची तफावत म्हणतात ते काय आहे?

तो आकडा 1995 चा आहे. हार्ट आणि रिझली यांनी अमेरिकेतल्या 42 कुटुंबांत महिन्याला तासभर बोलणं टिपलं आणि त्यावरून गुणाकार करून सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींचा फरक काढला. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यात फक्त सहा होती. पुढच्या संशोधकांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. त्या आकड्यावरून गरीब आईबापांना दोष देणं अन्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

2013 च्या एका अभ्यासाने हे स्पष्टच केलं. अमेरिकेतली स्पॅनिश बोलणारी 29 कुटुंबं होती, सगळी हलाखीतली. तरी एका दिवसात एका बाळाला उद्देशून 12,000 हून जास्त शब्द बोलले गेले आणि दुसऱ्या एकाला जेमतेम 670. बाळाला उद्देशून झालेल्या बोलण्याचा त्याच्या पुढच्या शब्दसाठ्याशी संबंध दिसला, नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा दिसला नाही. तेव्हा शब्द मोजू नका. काय बघायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

8. शब्द मोजायचे नाहीत, मग महत्त्वाचं काय?

उत्तर देणं. सगळ्यांत जास्त मनापासून मी हीच गोष्ट सांगते.

2008 मध्ये गोल्डस्टीन आणि श्वेड यांनी साडेनऊ महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटात बाळाने आवाज काढला की आई लगेच प्रतिसाद देई. दुसऱ्या गटात प्रतिसाद तितकेच, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळणारे. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज त्या एका बैठकीतच बदलले, आईच्या बोलण्यातल्या घडणीकडे झुकले. दुसऱ्या गटात असं झालं नाही. मोठ्या वयातही हेच दिसतं. 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांची गोष्ट ऐकतानाची मेंदूची हालचाल पाहिली, तेव्हा ती घरात किती शब्द पडतात याच्याशी नव्हे, तर किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण होते याच्याशी जुळली.

लंगोट बदलताना असं होतं:
"गूं."
"हो का? ओलं झालं होतं?"
(थांबा.)
"आऽऽ."
"आता कसं कोरडं कोरडं! बरं वाटलं?"

थांबा हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. आपण सगळे इथेच घाई करतो. मनात पाचपर्यंत मोजा. बाळाला आपली पाळी आली हे कळायला आणि आवाज काढायला वेळ लागतो. पाय झटकणं, टक लावून बघणं, हसणं, हेही उत्तरच धरायचं.

9. मी मुळात अबोल आहे. एकट्याने काय बडबडत बसू?

हात जे करताहेत तेच सांगा: "आता हात घालू बाहीत. कुठे गेला हात? आला!" नाहीतर बाळ जिकडे बघतंय त्याचं नाव घ्या. अखंड बोलायची गरज नाही. मघाशी सांगितलं तसं थांबायचंच आहे. गुणगुणलात तरी चालतं.

10. भाषा शिकवणारे व्हिडिओ लावले तर? आणि परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसांकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. पडदा उत्तर देत नाही.

आजी मात्र देते. 2014 मध्ये दोन ते अडीच वर्षांची मुलं थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एका वर्षाखालच्या बाळांना पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, असं सांगितलं आहे.

कोणी बघत नसताना चालू राहिलेला टीव्हीही बंद करा. तो सुरू असला की घरातली मोठी माणसं बाळाजवळ कमी बोलतात.

11. घरात दोन-तीन भाषा आहेत. बाळ गोंधळेल का? बोलायला उशीर होईल का?

गोंधळत नाही, आणि बहुभाषिकतेमुळे भाषेचा दोष निर्माण होत नाही. शब्दसाठा मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरायचे. 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही म्हणणाऱ्या बाळाकडे दोन शब्द आहेत. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाता येतं, त्या भाषेत बोला. मुलाच्या भल्यासाठी म्हणून स्वतःला अडखळायला होणाऱ्या भाषेत बोलणारे आईबाप पाहिले की जीव तुटतो, कारण तसं केल्याने पहिला जातो तो सूर. मात्र बोलणं खरोखरच लांबलं असेल, तर "दोन भाषा आहेत ना, म्हणून" असं म्हणून थांबू नका. प्रश्न 18 पाहा.

12. हे फक्त आईचं काम आहे का?

नाही. 1989 च्या एका अभ्यासात फ्रेंच, इटालियन, जर्मन, जपानी आणि दोन प्रकारची इंग्रजी बोलणारी कुटुंबं होती. बाबांचा आवाजही बाळासमोर चढत होता. चार वर्षांची मुलंसुद्धा दोन वर्षांच्या मुलांशी आखूड वाक्यांत बोलतात, हे 1973 पासून माहीत आहे.

13. काही समाजांत बाळांशी फारसं बोलतच नाहीत म्हणे. तरी ती मुलं बोलतात. मग या सगळ्याला अर्थ काय?

हा खरा कठीण प्रश्न आहे. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांविषयी ऑक्स आणि शिफेलिन यांनी 1984 मध्ये लिहिलं. तिथे आई बाळाला समोरच्या माणसाकडे तोंड करून धरते आणि त्याच्या वतीने बोलते. बोबडं बोलणं तिथे गैर मानतात. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत चार वर्षांखालच्या मुलाशी तासाला एक मिनिटाहूनही कमी थेट बोललं जातं, असं 2017 मध्ये मोजलं गेलं. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया वस्तीत हे प्रमाण तासाला 3.6 मिनिटं होतं आणि तिथली मुलं बोलण्याचे टप्पे वेळेवर गाठत होती (2020).

म्हणजे भाषा येण्यासाठी बाळबोली अत्यावश्यक नाही. मूल गर्दीत, पाठीवर, मोठ्यांच्या कामात सामील राहूनही शिकतं. पण युकातेक माया मुलांच्या 2012 च्या अभ्यासात मोठ्यांनी थेट त्यांच्याशी केलेल्या बोलण्याचा पुढच्या शब्दसाठ्याशी संबंध दिसलाच. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. ज्या घरात दिवसभर एक मोठं माणूस आणि एक बाळ एवढेच असतात, तिथे ऐकायला दुसरं बोलणंच नसतं. तिथे त्या एका माणसाच्या बोलण्यावर जास्त भार पडतो.

14. बाळाला ऐकू येत नाही. मग बाळबोलीचं काय?

ती हातांनीही होते. 1992 मध्ये नोबुओ मासाताका यांनी जपानमधल्या कर्णबधिर आयांचं निरीक्षण केलं. त्या बाळांशी बोलताना खुणा हळू, मोठ्या आणि पुन्हा पुन्हा करत होत्या. कर्णबधिर बाळांनाही अशा खुणा बघायला जास्त आवडतात, हे पुढे त्यांनीच दाखवलं. तेव्हा बाळाचं लक्ष आधी तुमच्या चेहऱ्याकडे आणा, मग खूण करा, मग थांबा. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) यांचा निर्णय व्हायचा असेल तरी भाषा थांबवू नका. खुणांची भाषा आजपासून शिकायला घ्या.

15. बाळ दोन महिने आधी जन्मलं. कोणत्या वयाचे टप्पे धरू?

बाळंतपणाची जी मूळ तारीख डॉक्टरांनी दिली होती, तिच्यापासून मोजलेलं वय धरा, जन्मतारखेपासूनचं नाही. साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशोब चालतो. अतिदक्षता विभागात भेटायला दिलेल्या वेळेत हळू आवाजात बोला. बाळाने मान फिरवली, बोटं ताणली, तोंड वेडंवाकडं केलं, तर ते थकलं आहे असं समजून गप्प राहा.

16. बाळंतपणानंतर माझं मन इतकं खचलंय की लाडाचा सूर गळ्यातून निघतच नाही. मी बाळाचं नुकसान करतेय का?

आधी हे वाचा: तुम्ही कमी प्रेम करता असं यातून सिद्ध होत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात आवाज सपाट होणं हे आजाराचं लक्षण आहे, ताप यावा तसं. 2002 मध्ये कॅपलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्यात असलेल्या आयांच्या बाळांना आईच्या आवाजाच्या साथीने एक साधी जोडी (आवाज आला की हसरा चेहरा दिसतो) शिकता आली नाही, पण दुसऱ्या, नैराश्य नसलेल्या आईच्या आवाजाने ती चटकन शिकली. बाळाची शिकायची ताकद जागेवर असते. म्हणून सध्या बाबांना, आजीला, मावशीला बाळाशी भरपूर बोलू द्या आणि तुम्ही डॉक्टरांना भेटा. उपचार होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार येत असतील तर आजच, कोणाला तरी सोबत घेऊन जा.

17. बाळबोली कधी थांबवायची? आणि चुका सुधारायच्या का?

तारीख ठरवावी लागत नाही. मूल वाक्यं बोलू लागलं की आपलं बोलणं आपोआप लांबतं, सूर खाली येतो. चुकांचं म्हणाल तर बोट दाखवू नका, नुसतं बरोबर करून परत द्या. मूल म्हणतं, "बाबा आली." तुम्ही म्हणा, "हो, बाबा आले! दार उघडू या?" त्याला बरोबर रूप मिळालं आणि गप्पाही तुटल्या नाहीत. "आली नाही, आले म्हण" अशी तालीम घेतलीत तर ते बोलायचंच टाळेल.

18. आम्ही भरपूर बोलतो, तरी बाळ बोलत नाही. किती वाट पाहायची?

"आमच्या घरात सगळे उशिरानेच बोलले" या वाक्यापायी फार महिने वाया जातात. बारा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत ("बाबा ये", "अजून दे"): यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सगळ्यांत आधी कान तपासून घ्या. जन्मानंतरची श्रवणतपासणी ठीक आली असली तरी पुन्हा करा, कारण ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं. "टाळी वाजवली की वळतं" ही तपासणी नव्हे. गरज वाटली तर पुढे वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

सगळं समजतं, सांगितलेलं करतं, खुणांनी मागतं, फक्त बोलत नाही, अशा मुलांपैकी बरीच पुढे गाठतात. तरी तपासणी टाळू नका. आणि येत असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर बघणं थांबलं, तर वय कितीही असो, वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना कोणते शब्द येत होते आणि कधीपासून येईनासे झाले, हे लिहून न्या. मोबाइलवर जुने व्हिडिओ असतील तर तेही दाखवा.